पाणंद रस्त्यासाठी व्हाळावर मोरी : परवानगी घेताना प्रवाहाचं नुकसान कमीत कमी कसं ठेवायचं?

पाणंद_समिती

नमस्कार मंडळी. कणकवली तालुक्यातल्या आमच्या वाडीचा पाणंद रस्ता मंजुरीला चाललाय. रस्त्याची रुंदी ३.७५ मीटर, मध्ये एक व्हाळ (ओढा) आडवा, पात्र साधारण ३ ते ४ मीटर रुंद. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात ९०० मिमी व्यासाच्या एनपी-३ ह्यूम (काँक्रीटच्या) पाईपच्या दोन रांगा, वर ६० सेमी भराव आणि दोन्ही तोंडांना चिऱ्याच्या हेडवॉल (तोंडाच्या भिंती) धरल्यात.

जागेची माहिती : पाणलोट ६० हेक्टर, बराचसा जांभ्याचा सडा, थोडी काजूची लागवड. सर्वांत लांबची धार १.४ किमी, उगम ते मोरी उंचीतला फरक ११० मी. मोरीच्या जागी तळाचा उतार साधारण ४० ला १. तळात गोटे आणि धोंडे, दोन-तीन ठिकाणी खडक उघडा. पाणी फेब्रुवारीपर्यंत वाहतं, खालच्या कोंडीत (डोहात) मेअखेरही असतं. जूनच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे इथूनच वर जातात. खाली २०० मीटरवर नळपाणी योजनेची विहीर, वरच्या अंगाला पोफळीची बाग. रस्त्यातल्या एका गटाच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात खाजगी वनाची नोंद आहे.

तीन प्रश्न आहेत. दोन पाईप पुरतील का? परवानगी नेमकी कुणाकुणाची लागेल? आणि व्हाळ बिघडू नये म्हणून अर्जात आणि निविदेत आधीच काय लिहून घ्यावं? ग्रामसभा पंधरा दिवसांवर आलीय.

जलगणित

दोन पाईप पुरणार नाहीत, आणि तेही थोडक्यात हुकणारं प्रकरण नाही. तुम्ही आकडे दिलेत म्हणून गणित मांडतो, उपअभियंत्यांसमोर ठेवा.

आयआरसी एसपी १३ (इंडियन रोड्स काँग्रेसची लहान पूल-मोऱ्यांची मार्गदर्शिका) च्या पद्धतीत प्रवाह म्हणजे ०.०२८ गुणिले अपधाव गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून येणारा हिस्सा), गुणिले क्षेत्र हेक्टरमध्ये, गुणिले पावसाची तीव्रता सेमी प्रति तास. विस्तारासाठी अजून एक गुणांक असतो, एवढ्या छोट्या पाणलोटाला तो ०.९७ धरला तरी चालतो. विरळ झाडीच्या सड्याला अपधाव गुणांक ०.७. पाणी गोळा व्हायला लागणारा वेळ काढायला लांबीचा (किमीत) घन गुणिले ०.८७, भागिले उंची (मीटरमध्ये), आणि त्याचा ०.३८५ घात. तुमच्या आकड्यांनी तो ०.२३ तास, म्हणजे जेमतेम १४ मिनिटं येतो. उदाहरणापुरता तासाचा पाऊस ८ सेमी धरला (प्रत्यक्षात हवामान खात्याची जवळच्या केंद्राची आकडेवारी जोडा), तर १४ मिनिटांसाठी तीव्रता १३ सेमी प्रति तास होते. एकूण प्रवाह : सुमारे १५ घनमीटर प्रति सेकंद.

दुसरी तपासणी इंग्लिस सूत्राने. ते जुन्या मुंबई इलाख्यातल्या पाणलोटांवरूनच बसवलेलं, त्यामुळे आपल्याकडची कार्यालयं ते मागतातच. १२४ गुणिले क्षेत्र चौरस किमीमध्ये, भागिले (क्षेत्र अधिक १०.४) चं वर्गमूळ. ०.६ चौरस किमीला २२ घनमीटर येतात. नियम असा की सगळ्यांत मोठी किंमत घ्यायची, पण ती तिच्या खालच्या किमतीच्या दीडपटीहून जास्त नको. १५ ची दीडपट २२ च आहे, म्हणजे २२ धरा. तिसरी तपासणी पुराच्या खुणांवरून करा. काठावरच्या झाडांत अडकलेला कचरा, घराच्या जोत्यावरची रेघ, वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांनी दाखवलेली जागा, यावरून पुराची पातळी घ्या आणि तिथल्या छेदाला मॅनिंगचं सूत्र (उतार आणि तळाचा खडबडीतपणा यांवरून वेग काढायचं) लावा. गोट्या-धोंड्यांच्या तळाला खडबडीतपणा ०.०४५ ते ०.०५ घ्या. ०.०३ घेतलेलं अंदाजपत्रक दिसलं तर परत पाठवा.

आता पाईपचं बघा. ९०० मिमीचा पाईप तोंडाशी पाणी दीडपट व्यासापर्यंत तुंबलं तरी दीड घनमीटरच्या आसपासच घेतो. दोन मिळून तीन. २२ येणार आणि ३ जाणार, उरलेलं रस्त्यावरून जाईल, आणि मुरमाचा भराव दोन तास टिकणार नाही.

व्हाळासाठी त्याहून वाईट गोष्ट ही की ४० ला १ उतारावर गुळगुळीत काँक्रीटच्या भरलेल्या पाईपमधून पाणी सेकंदाला साडेचार मीटरनं सुटतं. त्याच उताराच्या नैसर्गिक पात्रात पुरातही ते याच्या निम्म्याच्या आसपास असतं. एवढ्या वेगाचं पाणी बाहेर पडलं की पहिल्याच पावसाळ्यात मोरीखाली खड्डा पडतो, दोन-तीन वर्षांत पाईपचं तोंड अधांतरी लटकायला लागतं आणि मग कुणीतरी तिथे काँक्रीटचं एप्रन (तळाचं अस्तर) ओततो. त्या एप्रनच्या टोकाला पुन्हा खड्डा पडतो.

सुचवतो ते असं : ५ मीटर मोकळ्या गाळ्याची स्लॅब मोरी, एकच गाळा, खाली तळ मोकळा. २२ घनमीटर पाणी ५ मीटर रुंदीतून जाताना आत साधारण सव्वा मीटर आणि वरच्या तोंडाशी दोन मीटरपर्यंत चढेल. ३ ते ३० घनमीटर प्रवाहाला पुराच्या पातळीवर ६०० मिमी मोकळीक लागते. तळापासून स्लॅबच्या खालच्या कडेपर्यंत २.६ मी. धरा, नेमका आकडा प्रत्यक्ष छेद पाहून ठरेल. दोन डर्ट वॉलच्या (स्लॅबच्या टोकांमागे भराव अडवणाऱ्या भिंतींच्या) आतल्या कडांमधलं अंतर ६ मीटरच्या आत बसतं, त्यामुळे कागदावर ही मोरीच राहते, लहान पुलाची वेगळी फाईल होत नाही.

पाया कठीण खडकात ६०० मिमी, मऊ खडकात दीड मीटर खाली. जांभ्याला कठीण खडक म्हणू नका. वरचा कडक थर फुटला की खाली शेडू (मऊ चिकणमाती) लागते आणि मग पायाखालून पाणी वाट काढतं. दोन्ही पायांच्या जागी चाचणी खड्डे घेऊनच पातळी ठरवा.

व्हाळकाठ

जलगणित यांनी पाण्यावरून ५ मीटर काढले. व्हाळावरूनही तेवढेच निघतात का ते बघू, कारण परवानगीच्या अर्जात दोन्ही बाजूंनी आलेला एकच आकडा असला की तो कुणी कापत नाही.

व्हाळाची काठोकाठ रुंदी मोजा. दर पावसाळ्यात दोन-चार वेळा पात्र भरून वाहतं त्या वेळची ही रुंदी, मोठ्या पुराची नाही. खुणा : काठावरच्या दगडांवर शेवाळ जिथे बदलतं ती रेघ, मुळं उघडी पडलेली जागा, रेतीची वरची कड, आणि जिथून बहुवर्षायू झुडपं सुरू होतात ती पातळी. गुरांची वाट, कपडे धुण्याची जागा, जुना बांध हे सोडून सरळ पट्ट्यात आठ-दहा ठिकाणी मोजा आणि सरासरी काढा. मोरी याच्या १.२ पट अधिक ६० सेमी रुंद हवी. तुम्ही ३ ते ४ मीटर म्हणता. सरासरी ३.६ निघाली तर ४.९ होतात, म्हणजे पाच मीटर. बसलं.

एवढी रुंदी ठेवली की आत पात्राच्या दोन्ही कडांना ३०-४० सेमीची कोरडी पट्टी उरते. बेडूक, मुठे, साप, मुंगूस, जमलंच तर ऊदमांजर, रस्त्यावर न चढता खालून जातात. पट्टीवर ओबडधोबड दगड लावा, गुळगुळीत काँक्रीट नको.

त्यानंतर तळाचा लांब छेद. ऑटो लेव्हल (पातळी मोजायचं यंत्र) लावून मोरीच्या वर ७० आणि खाली ७० मीटर, दर ३ मीटरवर आणि शिवाय प्रत्येक कोंडीचा सर्वांत खोल बिंदू, प्रत्येक उथळ धारेचा माथा. हा छेद कागदावर आला की दोन गोष्टी लगेच दिसतात. एक, मोरीखालचा तळ कुठल्या रेषेत बसायला हवा. दोन, या व्हाळात तळ स्वतःहून किती खोल जातो. जवळपासच्या कोंडी ९० सेमी खोल असतील तर पाया त्याच्याही खाली हवा, मग पाणी तळ किती खरवडेल याचं गणित काहीही सांगो.

मासे. आपल्याकडे पहिल्या पावसाचे चढणीचे मासे (रायगड-ठाण्याकडे वलगणीचे म्हणतात) अंडी घालायला प्रवाहाच्या उलट जातात. मळ्यांसारखे छोटे मासे, कोळंबी, मुठे हे सगळे पुराच्या मध्यात पोहत नाहीत. कडेच्या संथ पाण्यातून, धोंड्यांच्या आडोशाने, थांबत थांबत चढतात. काँक्रीटच्या तळावर थांबायला जागा नसते. तिथे २-३ सेमीचा पातळ पडदा वाहतो आणि मासा त्यावर आडवा पडतो. खालच्या बाजूला १५-२० सेमीची उडी झाली की लहान मासा थांबला. तळाला चिकटून राहणाऱ्या माशांचं तर सगळं आयुष्यच गोट्यांच्या फटीत. सिंधुदुर्गातच आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेला आणि २०२० मध्ये नव्याने नोंदला गेलेला शिस्टुरा हिरण्यकेशी असाच, आणि त्यासाठी ती जागा २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळ झाली. तुमच्या व्हाळात तोच आहे असं नव्हे. पण त्याच कुळातले आहेत का, हे कोंडीत जाळं टाकून पाहायला एक सकाळ पुरते, आणि माशांची यादी अर्जाला जोडता येते.

म्हणून मोकळ्या तळाची स्लॅब पहिली पसंती. जागेवर खडक नाही निघाला आणि राफ्टची (तळाला सलग काँक्रीट असलेली) बॉक्स मोरीच करावी लागली तर राफ्टचा माथा व्हाळाच्या तळापेक्षा किमान ५० सेमी खाली गाडा आणि आत व्हाळातलेच दगड भरा. इथे एक चूक हमखास होते. नुसते मोठे धोंडे भरले तर उन्हाळ्याचं पाणी त्यांच्या फटीतून आत जातं आणि वर कोरडा दगड उरतो. भरावात १० ते १५ टक्के बारीक माती-रेती हवी, ३०-३० सेमीच्या थरांत भरून प्रत्येक थर पाण्याने धुवून मुरवायचा, वर पाणी साचून वाहायला लागेपर्यंत. त्यात ४०-५० सेमीचे काही धोंडे निम्मे गाडून ठेवा. काठाला जास्त, मध्ये कमी.

बाजूच्या बारक्या गटारांना पाईप टाकायला हरकत नाही. तिथे १२०० मिमीचा घ्या आणि तळ ३५-४० सेमी खाली गाडा. ९०० चा घेऊन गाडला तर आत माणूस शिरून गाळ काढू शकत नाही, आणि मग काढलाच जात नाही.

तालुका_फाईल

परवानग्यांचं सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक कागद दुसऱ्याच्या आधी गेला तर फाईल फिरत राहते.

सुरुवात जागेच्या मालकीपासून. नदी-नाल्यांचे तळ जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे शासनाचे असतात. गाव नकाशात व्हाळ स्वतंत्र दाखवलाय का ते बघा. दाखवला असेल तर तळाच्या कामाला तहसीलदारांचं ना हरकत लागतं. गटांतून वाहत असेल तर दोन्ही बाजूंच्या खातेदारांची लेखी संमती आणि विंग वॉल (मोरीच्या तोंडाच्या तिरक्या बाजूभिंती) ज्या जमिनीत घुसतात तिचीही. विंग वॉलची जागा लोक विसरतात.

पोफळीच्या बागेच्या मालकांना आधी भेटा. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली नैसर्गिक वाहत्या पाण्याला अडथळा करून शेताचं नुकसान केलं तर तहसीलदारांकडे दावा टाकता येतो, सहा महिन्यांच्या आत. मोरीमुळे वर पाणी किती चढेल आणि ते बागेच्या बांधापर्यंत पोचतं का, याची एक ओळ आणि एक छेद अर्जात असेल तर तो वाद तिथेच मिटतो. दोन पाईपच्या नकाशावर ही ओळ लिहिताच येणार नाही, हेही ग्रामसभेत सांगा.

खाजगी वनाची नोंद हा तुमचा खरा अडथळा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखालची नोंद असेल तर ती जमीन वन म्हणूनच धरली जाते आणि वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम १९८० लागतो. सिंधुदुर्गात या नोंदींचे घोळ जुने आहेत, त्यामुळे नोंदीचा फेरफार काढा आणि उपवनसंरक्षकांकडून ती जमीन वन आहे की नाही हे लेखी घ्या. तोंडी ‘काय होत नाय’ यावर जेसीबी उतरवू नका. वन असेलच तर वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) तुमच्या उपयोगाचं आहे. रस्त्यासारख्या सार्वजनिक सोयीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील आणि ग्रामसभेची शिफारस असेल, तर जिल्हा पातळीवर मंजुरी होते. म्हणून ग्रामसभेच्या ठरावातच क्षेत्र, गट क्रमांक आणि झाडांची संख्या जातीनिहाय लिहा. नुसतं ‘रस्त्यास मंजुरी’ असा ठराव वन खातं परत करतं.

जलसंपदा किंवा मृद व जलसंधारण खात्याचा एखादा बंधारा खाली-वर जवळ असेल तर त्यांचं पत्र. अधिसूचित पूररेषा असलेल्या नदीजवळ असाल तर निळी रेषा (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल रेषा (१०० वर्षांतून एकदा) नकाशावर दाखवावी लागते. छोट्या व्हाळांना बहुधा रेषा आखलेल्याच नसतात. भरतीचं पाणी पोचत असेल तर किनारा नियमन, पण तुमच्याकडे तो प्रश्न नाही. व्हाळातले दगड-रेती जागेवरच पुन्हा वापरणार असाल तरी अर्जात तसं लिहा, नाहीतर गौण खनिज उत्खनन म्हणून पंचनामा होऊ शकतो.

अर्जात पर्याय मांडा. मोरीची जागा ३० मीटर वर किंवा खाली नेली तर काय, हे एका परिच्छेदात. व्हाळ सरळ आणि अरुंद असतो तिथे, वळणापासून दूर आणि कोंडीवर नाही, अशी जागा निवडली हे दिसलं की अर्धे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

खडी_सिमेंट

सगळं बरोबर असेल, पण पाच मीटरच्या स्लॅबचा खर्च दोन रांगा पाईपच्या कितीतरी पट. निधी मंजूर झालाय तो पाईपवर. त्यापेक्षा फरशी करा ना. दोन-तीन पाईप खाली, वर काँक्रीटची फरशी, पूर आला की वरून जाऊ दे. पावसाळ्यात चार-सहा तास रस्ता बंद राहिला तर पाणंदीवर कुणाचं अडतंय? आणि फरशी वाहून जात नाही.

जलगणित

@खडी_सिमेंट, फरशीचा मुद्दा रास्त आहे आणि रहदारी कमी असेल तर तो विचारात घ्यायलाच हवा. पण ज्या रूपात ती आपल्याकडे होते ते रूप व्हाळाला पाईप मोरीइतकंच जड जातं. फरशी तळापासून मीटरभर वर उचलतात, खाली ४५० किंवा ६०० मिमीचे पाईप कोंबतात, ते पहिल्या वर्षी पाल्याने तुंबतात आणि ती चीज बंधारा होते. वर गाळ साठतो, खाली धबधबा.

फरशीच करायची तर दोनपैकी एका रीतीने. एकतर तळाच्या बरोबरीने, पाईप न घालता, धोंड्यांचा खडबडीत माथा ठेवून, आणि मध्ये १० सेमी खोल, ६०-८० सेमी रुंद खाच, म्हणजे जानेवारीतलं पाणी पसरून पातळ होणार नाही. हे फक्त काठ उथळ असतील तिथे जमतं. यांचे काठ दीड-दोन मीटर उंच असावेत असं वाटतं, म्हणजे दोन्ही बाजूंना लांब उतरंड खोदावी लागेल. त्यातून येणारी लाल माती २०० मीटरवरच्या विहिरीत. नाहीतर उंच फरशी, पण आत पाईपऐवजी दीड-दोन मीटरचे बॉक्स गाळे, तळ गाडलेला. ते केलं तर खर्च स्लॅब मोरीच्या जवळ जातो.

वाहून जात नाही हे मात्र बरोबर नाही. फरशी राहते, दोन्ही बाजूंचा रस्ता जातो.

निधीबद्दल : काम मंजूर झालंय म्हणजे तांत्रिक मंजुरी झाली असं नाही. जलगणित जोडून सुधारित अंदाजपत्रक मागता येतं, आणि ते काम सुरू व्हायच्या आधी मागणं सोपं. पाणंदीची लांबी शंभर-दीडशे मीटर कमी धरून मोरी नीट करा. उरलेला तुकडा पुढच्या वर्षी होतो.

सिएटल_मराठी

इथल्या पद्धतीतलं एक उपयोगी वाटलं म्हणून लिहितो. अमेरिकेत अशा कामाला स्वच्छ पाणी कायद्याच्या कलम ४०४ खाली लष्कराच्या अभियंता दलाची परवानगी लागते. छोट्या रस्त्यांसाठी तयार साचा आहे, राष्ट्रीय परवाना क्रमांक १४. भरती न पोचणाऱ्या पाण्यात अर्ध्या एकरापर्यंतच्या नुकसानीला तो चालतो. पण क्रम ठरलेला : आधी टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, तरी उरलं तर भरपाई. भरपाईवर थेट उडी मारता येत नाही. ‘बदल्यात ५०० झाडं लावू’ म्हणणाऱ्या अर्जांना इथला छाननी अधिकारी आधी विचारेल की जागा का नाही बदललीत.

आणि ‘पाईप स्वस्त’ याचा हिशेब वॉशिंग्टन राज्याला चांगलाच महाग पडला. माशांची वाट अडवणाऱ्या सरकारी मोऱ्यांवरून आदिवासी जमातींनी दावा लावला, २०१३ मध्ये न्यायालयाने त्या बदलायचा आदेश दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी बरोबरी होऊन तो कायम राहिला. इथे १.२ पट अधिक दोन फूट हाच रुंदीचा नियम वापरतात, वर व्हाळकाठ यांनी दिलाय तो.

पाणंद_समिती

सगळ्यांचे आभार. आम्ही सात ठिकाणी रुंदी मोजली, सरासरी ३.५ आली. उपअभियंता जलगणित बघायला तयार झालेत, फरशीचा विषय मागे पडला. आता एकच : प्रत्यक्ष कामाच्या वेळी विहीर आणि कोंड सांभाळायची कशी? ठेकेदाराला निविदेत काय बांधून द्यायचं?

व्हाळकाठ

कामाचा काळ आधी बांधा. व्हाळातलं खोदकाम फेब्रुवारीअखेर पाणी कमी झाल्यावर सुरू, पाया आणि भिंती एप्रिलपर्यंत, स्लॅब मेच्या पहिल्या आठवड्यात, आणि २५ मेनंतर पात्रात एकही माणूस वा यंत्र नाही. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो आणि मासे त्याच पाण्यावर निघतात. त्या दिवशी पात्रात सेंट्रिंगच्या बल्ल्या उभ्या असतील तर बाकी सगळी काळजी फुकट. मे महिन्यात सिमेंट-खडीची टंचाई होते म्हणून ठेकेदार जूनवर ढकलतो. म्हणून तारीख निविदेत, दंडासकट.

पाणी वळवणं : कामाच्या वर वाळूच्या पोत्यांचा आडबांध, आत प्लॅस्टिकची ताडपत्री, आणि २५० मिमीचा पाईप काठाने नेऊन कामाखाली सोडायचा. फेब्रुवारीच्या प्रवाहाला तो पुरतो. सोडतो तिथे धोंड्यांवर पडू द्या, मातीवर नाही. मातीचा आडबांध घालू देऊ नका, काढताना सगळी माती खालीच जाते. पाणी बंद करण्याआधी त्या १५-२० मीटर पट्ट्यातल्या डबक्यांतले मासे-मुठे जाळीने काढून वरच्या कोंडीत सोडा, सकाळी लवकर, पाणी तापायच्या आत. पंप लावला तर शोषण नळाला ३ ते ५ मिमीची जाळी.

पायाच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी व्हाळात परत नाही. ते शेतात किंवा गवतावर, काठापासून किमान १५ मीटर आत सोडायचं. यापेक्षाही जपायचं ते सिमेंटचं पाणी. ताज्या काँक्रीटला लागून गेलेल्या पाण्याचा सामू १२ पर्यंत जातो, आणि एका मिक्सरच्या धुण्यानेही उन्हाळ्यातली छोटी कोंड मरते. मिक्सर आणि घमेली धुवायला वेगळा खड्डा, क्युरिंगसाठी पाणी मारायचं नाही, ओली गोणपाटं बांधायची. ओतल्यावर ४८ तास तरी वळवलेलं पाणी परत आत घेऊ नका. डिझेल भरणं आणि यंत्र उभं करणं काठापासून ३० मीटर दूर. जेसीबी काठावरून हात घालील, पात्रात चाक उतरवणार नाही.

खोदताना वरचे ३०-४० सेमी गोटे-रेती वेगळी रास, खालची माती-जांभा वेगळी. मिसळली की तो तळ परत बसत नाही. काम संपल्यावर तीच वरची रास परत तळात पसरायची.

विहिरीसाठी : काम चालू असेपर्यंत ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याने सकाळी खोदकाम सुरू व्हायच्या आधी टाकी भरून घ्यावी आणि दिवसा पंप बंद ठेवावा. कामाआधी आणि नंतर पाण्याचा नमुना तपासून ठेवा, नंतरचा वाद टळतो.

जलगणित

रस्त्याच्या बाजूने दोन गोष्टी राहिल्या.

मोरीवरचा रस्ता हाच पूर्ण मार्गातला खालचा बिंदू हवा. बऱ्याच ठिकाणी मोरी उंचवट्यावर आणि रस्ता एका बाजूला उतरत जातो. मग मोरी तुंबली की पाणी रस्त्याने धावत सुटतं आणि शंभर मीटरवर कुणाच्या तरी बागेत नवा व्हाळ काढतं. खालचा बिंदू मोरीवर असला तर वरून गेलेलं पाणी निदान त्याच व्हाळात परत पडतं. त्या १०-१२ मीटरमध्ये भरावाच्या दोन्ही उतारांना दगडी पिचिंग, म्हणजे वरून गेलं तरी भराव टिकेल.

रस्त्याची गटारं थेट मोरीत सोडू नका. दोन्ही बाजूंना १५ मीटर अलीकडेच ती गवताच्या पट्ट्यात वळवा. लाल मातीच्या पाणंदीचा गाळ वर्षभर सगळ्यांत जास्त याच गटारांतून येतो, बांधकामातून नाही.

मोरी व्हाळाच्या रेषेत ठेवा, रस्त्याला तिरकी आली तरी. काटकोनात बसवायला व्हाळाला वळण दिलं तर खालचा काठ खातो. १५-२० अंशांच्या तिरकेपणाने स्लॅब थोडीच लांबते.

व्हाळकाठ

काठाला सरसकट पिचिंग नको. विंग वॉलच्या पायथ्यापासून दोन-तीन मीटर दगड, त्यापुढे झाडं. पाण्याच्या कडेला शेरणी आणि वाळुंजाच्या फांद्या, त्यावर निरगुडी आणि वाळा, वर करंज, जांभूळ. वाळुंज आणि निरगुडीच्या अंगठ्याएवढ्या जाड फांद्या मेअखेर टोचल्या तर पहिल्या पावसातच फुटतात, रोपवाटिकेचा खर्च नाही. मोरीच्या पाच मीटरच्या आत बांबू लावू नका, पुरात उपटून गाळ्यात अडकतो. तोडलेल्या झाडांचे मोठे ओंडकेही काठावर टाकून ठेवू नका.

देखभालीचं ठरावातच घाला : मेअखेर एकदा आणि गणपतीच्या आधी एकदा गाळा बघायचा. अडकलेलं लाकूड काढायचं, तळातले गोटे काढायचे नाहीत. साफसफाई म्हणून तळ खरवडून नेला की पुढच्या वर्षी पाया उघडा पडतो. खालच्या तोंडाशी पाण्याची उडी १० सेमीवर गेलेली दिसली तर तिथे काँक्रीट न ओतता तीन-चार मीटर खाली धोंड्यांची ठेंगणी ओळ घाला, मध्ये खाच ठेवून, म्हणजे पाणी मागे चढून तळ भरून येतो.

तालुका_फाईल

वरच्या अटी नुसत्या अर्जात ठेवल्या तर ठेकेदाराला त्या कळतच नाहीत. तारीख, पाणी वळवणं, गोट्यांची वेगळी रास, धुण्याचा खड्डा आणि फांद्या लावणं, हे पाचही अंदाजपत्रकात वेगळ्या बाबी म्हणून दरासकट घाला. दरसूचीत दर नसेल त्याचं दर पृथक्करण जोडा. ज्या बाबीचं बिल निघतं तीच जागेवर होते. अंतिम बिलाआधी ग्रामसभेच्या दोन सदस्यांनी खालच्या तोंडाची पातळी मोजून पंचनाम्यावर सही करायची, ही अटही त्याच ठरावात लिहा.